रात्री दोनची वाटी

सम्मेद पुण्याहून पिंजरा घेऊन आला
तेव्हा गल्लीनं ठरवून टाकलं: मुंगसं.
इस्त्रीवाला म्हणाला, घुशीच, पण शिकलेल्या.
फेरेट हा शब्द कुणाच्या जिभेला लागला नाही.
नावं मी ठेवली. ती खारीक, रंगावरून.
तो बेदाणा, कारण माझं माहेर तासगावचं.

पोरगा कॅनडाला गेला. ही दोघं विश्रामबागेत राहिली,
आमच्या घरात,
जिथं कांदा उंबरा ओलांडत नाही,
दिवे लागायच्या आत जेवणं उरकून
भांडी पालथी पडतात.
आणि ह्यांना मांसाशिवाय जगता येत नाही.

जुलेखा मुजावर शेजारची. म्हणाली,
तुम्ही हात लावू नका वहिनी, मी आहे.
तिचा मिक्सर, तिची वाटी, सकाळ-संध्याकाळ.
गॅलरीत एक जुना छोटा फ्रीज.
बस्तीत मी कुणाला सांगितलं नाही.
मूर्तीसमोर सांगितलं, तेही हळू.

चौथ्या वर्षी खारकेच्या शेपटीचे केस गेले,
मग पाठीचे, मग कुशीचे.
उघडी गुलाबी कातडी, रात्रभर खाजवणं.
मिरजेचे डॉक्टर हारगे म्हशींचे.
त्यांनी आठ दिवस मागितले, वाचून आले,
म्हणाले, मूत्रपिंडाच्या टोकाशी एक इवलीशी गाठ आहे,
ती बहकली आहे.
मी मान हलवली.
पन्नाशीतल्या बाईला हे पुस्तकातून कळावं लागत नाही.
मुंबईहून बर्फात एक कांडी आली, तांदळाएवढी,
खांद्यांच्या मधे टोचली.
दोन महिन्यांनी पाठीवर लव आली.
मी तिला आरसा दाखवला. तिनं आरसा चाटला.

बेदाण्याचं वेगळं.
तोंडाला लाळ, पंजानं ओठ ओरबाडणं,
मागचे पाय ओल्या फडक्यासारखे,
नजर माझ्यातून आरपार, भिंतीच्या पलीकडे.
ह्यांचं साखरेचं यंत्र आणलं, पंजा टोचला.
अठ्ठेचाळीस.
त्याच सकाळी ह्यांची दोनशे छत्तीस होती.
एकाच घरात, एकाच यंत्रात.

डॉक्टर फोनवर म्हणाले, हिरड्यांना मध चोळा.
मध आमच्याकडे नसतो.
काकवी होती.
कापसाच्या बोळ्यावर काकवी, हिरडीवरून हळूच,
आणि पाचेक मिनिटांनी डोळ्यांत तो परत आला,
लाजल्यासारखा.
मग म्हणाले, गोडावर थांबू नका. लगेच मांस द्या,
नाहीतर गोडच त्याला पुन्हा खाली ओढेल.
रात्रीचे दोन वाजलेले.
जुलेखाचा दिवा बंद.

मी फ्रीज उघडला.
वाटी गार होती, माझा हात त्याहून.
गरम पाण्यात धरून कोमट केली,
बोटावर घेतलं,
आणि त्यानं माझं बोट खरखरीत जिभेनं
नखाच्या कडेपर्यंत साफ केलं.
आंघोळ केली. झोप आली, ह्याचंच नवल.

आता गजर लागतो, दहा, दोन, सहा.
प्रेडनिसोलोन पाव मिली. काकवी उशाशी.
नावाचा बेदाणा, एक बेदाणा चालत नाही त्याला.
डॉक्टर परवा खाली बघत म्हणाले,
फार झालं तर सुई असते.
माझ्या वडिलांनी शेवटी अन्न आपणहून सोडलं होतं,
समजून, सगळ्यांची क्षमा मागून.
ह्याला कोण विचारणार?
हा तर वाटीचा आवाज आला की
लुळे पाय ओढत येतो.

दोनलाच सम्मेदचा फोन येतो, तिकडं ऊन असतं.
अजून आहेत दोघं? विचारतो.
मी म्हणते, थांब, हात खरकटे आहेत.
आज एकसष्ट.
हे कुशीवर वळून बोट पुढं करतात:
यंत्र बाहेर काढलंच आहेस, तर माझीपण बघ.